कोयनेचं स्थळ

कोकणात एकट्याने सायकल चालवता येत नाही. सीटवर तुम्ही एकटेच असता हे खरं, पण दर दोन मोऱ्यांआड कठड्यावर एक माणूस बसलेला असतो आणि त्याला तुमच्याविषयी प्रश्न पडलेला असतो.

बेत साधा होता. पहाटे गुहागरहून निघायचं, चिपळूण गाठायचं, कुंभार्ली घाट चढायचा, उतरायचा आणि रात्री चिपळूणला मावसभावाकडे आडवं व्हायचं. वय त्रेपन्न. लांबचे सायकलवाले निघताना समुद्रात चाक बुडवतात असं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून मीही अंधारात किनाऱ्यावर जाऊन चाक लाटेत घातलं. लाटेने चाकाबरोबर चेनही भिजवली आणि तीत मूठभर वाळू भरली. त्यानंतर दिवसभर माझ्या पायांखाली कुणीतरी दळण दळत होतं.

किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो असं म्हणणाऱ्यांनी तो फक्त नकाशात पाहिलेला असतो. गुहागर सोडून मोडकाआगर, शृंगारतळी करता करताच रस्ता चढू लागतो. खाडी-ओढ्यापाशी उतरायचं, कातळाच्या सड्यावर चढायचं, पुन्हा उतरायचं. घाट यायच्या आधीच एक घाट सुट्या पैशात वसूल केलेला असतो.

मार्गताम्हाण्याच्या अलीकडे पहिली चौकशी झाली.

"कुटं?"

"कोयनेला."

"गाडी नाय?"

"आहे ना. घरी आहे."

"मंग? काम काय हाय कोयनेत?"

"काही नाही. घाट चढायचा आणि परत यायचं."

त्याने विडी बाजूला ठेवली. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "घरात सांगून निघालाव ना?"

हे मला लागलं. त्यामुळे पुढे रामपूरला, टपरीवर चहा पिताना, एका मोटारसायकलवाल्याने तोच प्रश्न विचारला तेव्हा मी म्हणून गेलो, "कोयनेला स्थळ बघायला चाललोय. पुतण्यासाठी." पुतण्या खरा आहे. एकतीस वर्षांचा, पुण्यात असतो. स्थळ तेवढं तिथल्या तिथे सुचलं. पण परिणाम बघण्यासारखा होता. सायकलवरून विनाकारण घाट चढणारा माणूस वेडा ठरतो. पुतण्याच्या लग्नासाठी चढणाऱ्याला चहाचे पैसे देऊ देत नाहीत.

चूक एवढीच झाली की मोटारसायकलवालाही चिपळूणलाच निघाला होता.

बहादूरशेख नाक्यावर महामार्ग ओलांडून कराडच्या रस्त्याला लागतो न लागतो तोच एका रिक्षावाल्याने हाक मारली, "कोयनेचं स्थळ तुमीच काय? मुलगी शिक्षिका हाय म्हनं." मी मान हलवली. नाही म्हणायला सायकल थांबवावी लागली असती. अलोऱ्याला पोचेपर्यंत मुलीने शाळा सोडली होती आणि ती वीजमंडळात लागली होती. ते एका परीने साहजिकच म्हणायचं, कारण त्या पट्ट्यात सगळं वीजमंडळाभोवतीच फिरतं.

पोफळीपाशी कोकम सरबत विकणाऱ्या एका आजींकडे थांबलो. मीठ जास्त घालून दोन पेले एका दमात संपवले. आजींनी पैसे घेतले (त्यांच्यापर्यंत बातमी पोचायची होती), पण बोलता बोलता मीच सगळं सांगून टाकलं. खोटं एकदा अंगवळणी पडलं की चढापेक्षा सोपं जातं.

मग घाट.

या डोंगराच्या पोटात वीजघर आहे. कोयनेचं पाणी खरं म्हणजे पूर्वेला कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायचं. धरणात अडवून, बोगद्यांतून पश्चिमेला वळवून त्याला कड्यावरून खाली सोडतात, ते साडेचारशे मीटरहून जास्त खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठीला मिळतं. सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॅट. आता त्याच डोंगरावर, त्याच वेळी, उलट्या दिशेने निघालेल्या माझा हिशेब करा. जेमतेम शंभर वॅट. जुन्या न्हाणीघरातला पिवळा बल्ब. पाणी नुसतं घसरतं आणि अर्ध्या महाराष्ट्राचे पंखे फिरवतं. मी छाती फुटेस्तोवर जोर लावत होतो आणि माझी दोन चाकंसुद्धा धड फिरत नव्हती. घाम मात्र मीही वाशिष्ठीलाच दिला.

तिसऱ्या वळणानंतर सगळ्यात हलका गिअर लागला आणि त्यानंतर माझ्यापाशी आणखी काही गिअर उरले नाहीत. एक फुलपाखरू मला मागे टाकून गेलं. कठड्यावरची वानरं माझ्याकडे बघून, खायचं काही दिसेना म्हणून, एकमेकांच्या उवा काढायला लागली. उजव्या पोटरीत गोळा आला. तो चोळायला उतरलो तर पुन्हा चढून बसता येईना, चढावर सायकल पुढे जायच्या आधी आडवी होत होती. शेवटी ती आडवी लावून, उताराकडे तोंड करून बसलो, थोडा उतरलो आणि वळलो. म्हणजे तेवढा घाट मी दोनदा चढलो.

तेवढ्यात मागून एक लादलेला ट्रक आला. त्याचा वेग माझ्यापेक्षा किंचित जास्त होता, पण किंचितच. त्यामुळे पुढची तीन वळणं आम्ही शेजारी शेजारी चाललो. क्लीनरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"काका, स्थळ?"

मला बोलायला श्वास नव्हता.

"एकुलती एक हाय ना? जमीन पन हाय म्हनं, बारा एकर."

मी पॅडल मारत राहिलो. बारा एकर ऐकून, खोटं कशाला बोलू, पायांत थोडा जोर आला.

घाटमाथ्यावर वारा गार होता. मागे कोकण निळ्या धुरात पडलेलं होतं. तिथे दहा मिनिटं शांत बसावं असं फार वाटत होतं, पण मी हट्टाने हेळवाकपर्यंत गेलो आणि तिथे फसलो. तिथली माणसं गावातलीच. "कुणाची मुलगी?" असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "वीजमंडळात? आमच्याकडची कोण?" तिसऱ्याने फोन काढला आणि कुणाला तरी लावायला लागला. मी वडापाव अर्धा टाकून सायकल वळवली.

उतार मी ब्रेक दाबून दाबूनच उतरलो. जो चढ चढायला अडीच तास लागले तो पाऊण तासात संपला, आणि हातांचे पंजे खेकड्यासारखे वळलेले राहिले. पोफळीला आजी वाटच बघत होत्या. या वेळी सरबताचे पैसे घेतले नाहीत.

"काय झालं? पसंत?"

"नाही हो आजी," मी म्हणालो. आता खरंच सांगावं असं वाटलं. "उंची फार आहे. आपल्याला झेपण्यातली नाही."

आजी चिडल्या. "उंचीचं काय घेऊन बसलाव? पुतन्या काय पोरीला माडावर चडवनाराय?"

मग थोडा विचार करून त्यांनी आवाज उतरवला. त्यांच्या भाचीची पोर खेडात आहे. बेताची उंची. बारावी झाली, शिवण शिकलेली. उद्या परवा सायकल काढून जाऊन याच.

"वाट एकदम सपाट हाय," आजी म्हणाल्या. "मदी परशुराम आनि भोस्ते, दोन घाट तेवडे."