साखर तोडल्याने कर्करोग उपाशी मरत नाही

मावशीची केमो सुरू झाली आणि चौथ्या दिवशी तिच्या ताटातला भात गेला. मग भाकरी गेली, केळं गेलं, चहातली साखर गेली. कारण घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एक मेसेज. तो बहुतेक तुमच्यापर्यंतही आला असेल. त्यात म्हटलंय की जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांना कर्करोगाचं मूळ कारण शोधल्याबद्दल 1931 साली नोबेल मिळालं. कर्करोगाच्या पेशी फक्त साखरेवर जगतात, साखर बंद केली की त्या मरतात. भरपूर ऑक्सिजन मिळालेल्या शरीरात कर्करोग टिकत नाही. आणि रोज लिंबू-सोडा घेतला की रक्तातलं आम्ल जाऊन गाठ विरघळते.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. यातले सगळे शब्द पेशीश्वसनाच्या, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढते त्या, धड्यातले आहेत, म्हणूनच शिकलेली माणसंही फसतात. आणि उपचार चालू असलेल्या माणसाचं जेवण त्यापायी तुटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आधी नोबेल. वॉरबर्ग यांना ते मिळालं पेशीश्वसनाच्या विकराचं (एन्झाइमचं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचं) स्वरूप आणि कार्य उलगडल्याबद्दल. पेशीतला ऑक्सिजन अन्नाशी थेट भिडत नाही, मध्ये लोह असलेलं एक विकर काम करतं. कार्बन मोनॉक्साइडने ते विकर अडवायचं, मग प्रकाश टाकून मोकळं करायचं, अशी त्यांची सुंदर पद्धत होती. पुरस्कार याला होता. कर्करोगावरचं त्यांचं काम वेगळं आणि तेही खरं आहे. बर्लिनमध्ये 1920 च्या दशकात त्यांनी उंदरांच्या गाठींचे पातळ काप तपासले. ऑक्सिजन पुरेसा असतानाही गाठीच्या पेशी ग्लुकोज अर्धवट तोडून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकत होत्या. त्यावरून पुढे त्यांनी निष्कर्ष काढला की पेशीचं श्वसन बिघडतं म्हणूनच कर्करोग होतो. हा निष्कर्ष मात्र टिकला नाही. बहुतेक गाठींमधल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणारे पेशीतले भाग) चालू असतात, असं नंतरच्या संशोधनात दिसलं.

आता साखर. कर्करोगाच्या बऱ्याच पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे बरोबर आहे. पेट (PET) स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोजसारखं द्रव्य टोचतात आणि गाठ उजळून दिसते, ती याचमुळे. ग्लुकोजचा एक रेणू नुसत्या ग्लायकॉलिसिसने, म्हणजे ऑक्सिजनशिवायच्या अर्धवट वाटेने, तोडला तर हाती 2 एटीपी (पेशी ऊर्जेसाठी खर्च करते ते रेणू) लागतात. तंतुकणिकांमधून पूर्ण जाळला तर 30 च्या आसपास. अर्धवट वाट धरणारी पेशी मग जास्त ग्लुकोज मागणारच. शिवाय तिला नुसती ऊर्जा नको असते, नव्या पेशी बांधायला कच्चा मालही लागतो.

पण ताटातून साखर काढली म्हणजे रक्तातून निघत नाही. आठवडाभर गोड, भात, भाकरी, फळ काही नाही, तरी मावशीच्या ग्लुकोमीटरवर सकाळी उपाशीपोटी 88 आलं. मावसभाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, मग ही साखर आली कुठून?" त्याचा प्रश्न अगदी नेमका होता. ती साखर यकृताने बनवली. रक्तात एका वेळी फिरणारं ग्लुकोज सगळं मिळून जेमतेम चहाचा चमचाभर, चार-पाच ग्रॅम; पण ते संपून चालत नाही. मेंदूला रोज सव्वाशे ग्रॅमच्या घरात ग्लुकोज लागतं. लाल रक्तपेशींमध्ये तर तंतुकणिकाच नसतात, त्यांना ग्लुकोजशिवाय दुसरं काही चालतच नाही. म्हणून बाहेरून येणं थांबलं की आधी यकृतातला साठा वापरला जातो, आणि तो संपला की स्नायूंमधली प्रथिनं मोडून यकृत ग्लुकोज तयार करतं. गाठीला तिचा वाटा मिळत राहतो, शिवाय ती ग्लुटामिन (प्रथिनांमधलं एक अमिनो आम्ल) आणि चरबीतल्या मेदाम्लांवरही भागवू शकते. झिजतं ते माणूस. मावशीच्या बांगड्या दोन आठवड्यांत कोपराकडे सरकायला लागल्या होत्या.

साखर कमी खाणं चांगलंच आहे. लठ्ठपणाने काही कर्करोगांचा धोका वाढतो, आणि मधुमेह असेल तर पथ्य पाळावंच लागतं. पण केमो चालू असताना वजन घटू न देणं ही त्याहून मोठी गरज असते, आणि तिथे पेज, मऊ भात, केळं हे पदार्थ फार उपयोगाचे आहेत.

ऑक्सिजनचा मुद्दा लवकर मिटतो. शरीरात सर्वांत जास्त ऑक्सिजन मिळतो तो फुप्फुसाला, आणि फुप्फुसाचाही कर्करोग होतो. ऑक्सिमीटरवर 98 दिसत असेल तर रक्तातलं हिमोग्लोबिन जवळपास भरलेलंच आहे, दीर्घ श्वासाने त्यात फारशी भर पडत नाही. मन शांत व्हावं म्हणून प्राणायाम जरूर करा.

राहिला सोडा. गाठीच्या आजूबाजूला आम्लता असते हे खरं, पण ती गाठीनेच सोडलेल्या लॅक्टिक आम्लाची. विरजलेलं दूध आंबट होतं तेही याच आम्लामुळे. म्हणजे मेसेजने परिणामालाच कारण ठरवलं. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, 7.35 ते 7.45 मध्येच राहतो. फुप्फुसं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडं जादा आम्ल किंवा अल्कली लघवीवाटे काढून तो सांभाळतात. सोडा प्यायल्यावर आम्लता तपासायच्या कागदाच्या पट्टीचा रंग बदलतो तो लघवीतल्या बदलामुळे, रक्तातल्या नव्हे. मात्र एक चमचा खाण्याच्या सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि मावशीला बीपी आहे. तिच्या उशाशी ठेवलेला सोड्याच्या पाण्याचा तांब्या मी आधी मोरीत ओतला, आणि मग भाताबद्दल बोलायला आहारतज्ज्ञांना फोन लावला.