रॅकवरचा घरजावई

दुकानात दोन प्रकारचा माल असतो. एक संपला की गिऱ्हाईक ओरडतं तो, आणि दुसरा आपण रोज फडक्यानं पुसतो तो. हा दुसरा म्हणजे रॅकवरचा घरजावई. खात नाही, पीत नाही, पण आपलं भांडवल मांडीखाली घेऊन निवांत बसतो.

'सेल लावून टाका' असं सांगणाऱ्याचं स्वतःचं दुकान नसतं, अशी माझी पक्की शंका आहे. 60 ला घेतलेला नग 100 ला विकला तर 40 सुटतात. 20 टक्के सूट दिली की उरतात 20. म्हणजे तेवढाच नफा हवा तर दुप्पट नग खपवा. आणि कशाचे? ज्याचा एकही उठत नव्हता त्याचे!

म्हणून आधी जागा बदलायची, तिला पैसे पडत नाहीत. गुडघ्याखालचा माल डोळ्यांसमोर आणा. मात्र तो देवळाच्या शिखरासारखा रचू नका. मोडेल म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. वरचे दोन-तीन नग आपणच काढून ठेवावेत. कुणीतरी नेलेत म्हटल्यावर पुढच्याला धीर येतो. धूळ मात्र पुसाच. धूळ दिसली की गिऱ्हाईक किंमत सोडून आधी तारीख वाचतं.

जोडी लावायची तर चालत्या वस्तूशी, आणि दोघांचं काहीतरी नातं हवं. रंगाच्या डब्याबरोबर ब्रश जातो, कुलूप जात नाही. सूट ब्रशवरच द्या. रंग लोक पूर्ण भावानं नेतच होते. दोन पडीक वस्तू एकत्र बांधल्या तर पडीक गठ्ठा तयार होतो, बाकी काही नाही.

भाव उतरवायचाच तर एकदाच, डोळ्यांत भरेल इतका, आणि पाटीवर कारण लिहून: 'जुनं मॉडेल, शेवटचे 8 नग'. दर आठवड्याला पाच-पाच टक्के उतरवलं तर गिऱ्हाईक हुशार होतं आणि पुढच्या आठवड्याची वाट बघतं.

खरी अडचण गिऱ्हाइकाची नसतेच. ज्यानं तो माल हौसेनं भरला, तोच भाव उतरवू देत नाही. म्हणून खोक्यावर आल्याची तारीख घालावी. सील शाबूत असेपर्यंत घाऊकवाल्याकडे बदलून मागावा, आणि 90 दिवसांनंतर भाव उतरवायचा की नाही, ही चर्चाच ठेवू नये. चर्चा झाली की माल भरणारा म्हणतो, "सीझनला जाईल." कोणत्या सीझनला, हे विचारायची सोय नसते.