हात पोहोचेल असा पूल

समाजमाध्यमांवर फिरणारा एक दावा असा आहे: पुलाच्या आराखड्यातच तपासणीच्या सोयी करणे हा निव्वळ वायफळ खर्च असून इंग्रजांचे पूल त्यांच्याविना शंभर वर्षे टिकले, आणि आता तर ड्रोन आहेत.

पहिला मुद्दा लवकर निकालात निघतो. आज दिसतात ते टिकलेले पूल. कोसळलेले या हिशेबात येतच नाहीत. शिवाय जुन्या रेल्वे पुलांची दरवर्षी पावसाळ्यानंतर नियमित तपासणी होते, हे सोयीस्करपणे वगळले जाते.

ड्रोनचा मुद्दा अधिक फसवा आहे. ड्रोनला पृष्ठभागावरची भेग दिसते. मात्र आतून सुटलेले काँक्रीट हातोडीने ठोकून, आवाजावरून ओळखावे लागते. पूर्वप्रतिबलित गर्डरमधील, म्हणजे ताणलेल्या पोलादी तारांनी आवळलेल्या तुळईमधील, केबलच्या नळीत ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) नीट भरले गेले नाही, तर तिथे पाणी शिरून तारा गंजतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. वेल्समधील इनिस-इ-ग्वास येथील पूल १९८५ मध्ये सांध्यांपाशी तारा गंजून, पूर्वसूचनेविना कोसळला. बॉक्स गर्डरमध्ये, म्हणजे पेटीसारख्या पोकळ गर्डरमध्ये, माणूस सहज शिरेल, आणि प्रसंगी स्ट्रेचरवरून बाहेर काढता येईल, एवढे प्रवेशद्वार आतल्या तपासणीसाठी हवे.

खर्चाचा युक्तिवाद तर बेअरिंगपाशीच, म्हणजे खांब आणि गर्डर यांच्यामधल्या उशीपाशीच, कोलमडतो. पूल शंभर वर्षांसाठी आखला जातो. रबरी बेअरिंग तेवढे टिकत नाही; ते बदलायला गर्डर जॅकने उचलावा लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि तापमानातील ३० अंशांच्या फरकाने ४० मीटर लांबीचा काँक्रीटचा गर्डर सुमारे १४ मिलिमीटर लांबतो-आखडतो. ही हालचाल बेअरिंग वर्षानुवर्षे सोसत असते. पिअर कॅपवर, म्हणजे खांबाच्या माथ्यावर, जॅक बसेल एवढी जागा आणि गर्डरच्या टोकाला उचलण्याचा भार पेलणारी सळई आधीच ठेवली, तर वाढीव खर्च थोड्या काँक्रीटचा आणि लोखंडाचा असतो. ही सोय नसेल, तर खांबाला पोलादी ब्रॅकेट जोडा, मचाण उभारा आणि खालची वाहतूक अडवा! नागपुरातच गड्डीगोदामला रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो एकावर एक आहेत. रुळांवर असे काम करायचे तर रेल्वेकडून ब्लॉकच, म्हणजे ठरावीक वेळ गाड्या थांबवण्याची परवानगी, मागावा लागेल.

विरोधकांचे एक म्हणणे मात्र मान्य करायला हवे. प्रत्येक वाढीव भोक म्हणजे पाणी, कबुतरे आणि वटवाघळे आत शिरण्याची वाट असते. म्हणून त्या दाराला कुलूप, हवेच्या भोकांना जाळी आणि बॉक्सच्या तळाला निचऱ्याची भोके आराखड्यातच दाखवावीत.