अंगठ्याची चौकशी

खानदेशात लंगडणाऱ्याला कारण विचारतात आणि ते तालेवार असावं लागतं. मोटारसायकल घसरली, बैलाने पाय दिला, असं काहीतरी. ‘रात्री धडधाकट झोपलो आणि पहाटे अंगठा सुजला’ हे कारण आमच्या अमळनेरच्या गल्लीत कुणी धरत नाही.

पण झालं तसंच. ऐन मे महिना, गच्चीवर झोपलेलो. चादरीचं नुसतं टोक उजव्या अंगठ्याला लागलं आणि मी अशी बोंब ठोकली की शेजारच्या गच्चीवरची मंडळी उठून बसली. अंगठा लालबुंद, चकचकीत आणि तव्यासारखा तापलेला. वाऱ्याची झुळूकसुद्धा सोसवेना.

“काय व्हयनं भाऊ?” जिभाऊंनी गच्चीवरूनच विचारलं.

“काहीच नाही.”

“काहीच नाही तर वरडना कसाले?”

सकाळपर्यंत निदानं तयार होती. मुका मार, विंचू, नजर. काकू तर कोमट तेलाची वाटी घेऊन चोळायलाच बसल्या. त्यांना पाहूनच मी भिंतीकडे सरकलो.

डॉक्टरांनी अंगठ्याला हात न लावता आधी जेवणाची चौकशी केली. लग्नसराई होती. काळ्या मसाल्याचं मटण, त्यात कलेजी, वर उन्हाचे गारेगार गोड कोल्ड्रिंक. “आणि बिअर?” सासरे शेजारीच बसले होते. मी छताकडे पाहिलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि ‘गाऊट’चा संशय सांगितला, म्हणजे रक्तात यूरिक अॅसिड वाढतं आणि त्याचे स्फटिक सांध्यात साठतात. माझ्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, तेही यूरिक अॅसिड चढवतं म्हणे.

रक्तातल्या यूरिक अॅसिडचा रिपोर्ट आला ६.२. “नॉर्मल आहे!” घरात जल्लोष. म्हणजे मी उगाच ओरडत होतो. डॉक्टर म्हणाले, ऐन दुखण्यात आकडा फसवा उतरतो, काही आठवड्यांनी पुन्हा बघू. पक्की खात्री हवी तर सांध्यात सुई घालून पाणी काढायचं आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले सुईसारखे स्फटिक पाहायचे. सुयांसाठी सुई! मी घाबरलो, पण तापही असता तर जंतूंची शंका मिटवायला ती टोचावीच लागली असती.

मला सूज उतरवणारं कोल्चिसिन मिळालं. मोजूनच घ्यायचं, जास्त झालं की मुक्काम संडासात. अंगठ्यावर बर्फ, पाय उशीवर. सूज उतरली. पुढच्या तपासणीत आकडा ८.४ निघाला आणि घरातला जल्लोष ओसरला. मग बीपीची गोळी बदलली, यूरिक अॅसिड उतरवणारं अॅलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून सुरू झालं. आकडा ६ च्या खाली आणायचा आणि तिथेच ठेवायचा. सुरुवातीला उलट एखादा झटका येऊ शकतो, तरी गोळी सोडायची नाही, हे डॉक्टरांनी बायकोला बजावलं. मला नाही.

खरा छळ मात्र डाळीवरून झाला. घरात आधी तूर बंद, मग उडीद, म्हणजे कळण्याची भाकरीही गेली. वांगं ‘वातूळ’ म्हणून भरितावर बंदी. खानदेशी माणसाकडे उरतं काय? डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, डाळी-भाज्यांनी हा रोग वाढत नाही. कलेजी, मटण, कोळंबी, बिअर आणि गोड पेयं आवरा. बायकोने कलेजी ऐकली, डाळीचं ऐकलं नाही.

इकडे जिभाऊंनी हौसेने स्वतःचं रक्त तपासून घेतलं. ८.९! माझ्याहून जास्त. पण सांधा एकही दुखत नाही, म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली नाही. आकडा मोठा असून औषध मला, यावर ते रुसलेत. दुसऱ्या डॉक्टरकडे धुळ्याला जाणार आहेत.