पोस्टर कुणाच्या भाषेत?

तुमच्या लेखात म्हटलंय की एचआयव्हीची जनजागृती भरपूर झाली, आता लोकांनीच जबाबदारीनं वागावं. मला हे अजिबात पटलं नाही. मी मुंबईतल्या कामाठीपुऱ्यात, देहविक्रीच्या वस्तीत, सहा वर्षं घरोघर फिरून एचआयव्हीबद्दल काम केलंय. तिथे नेपाळी, बंगाली, कानडी, तेलुगू बोलणाऱ्या बायका, आणि आमच्याकडची पोस्टरं हिंदी-मराठीत. एका नेपाळी ताईनं चाचणीचा कागद चार दिवस उशीखाली लपवून ठेवला होता. 'निगेटिव्ह' म्हणजे लागण नाही, पण काहीतरी वाईट निघालं, असं तिला वाटत होतं! तिच्याच मुलखातली एक दीदी शेजारी बसून बोलली, तेव्हा कुठे ती पोटभर जेवली.

किन्नर वस्तीत आधी गुरूंना, म्हणजे तिथल्या प्रमुखांना, विश्वासात घ्यावं लागतं. नाक्यावरचा मजूर रोजंदारी बुडवून दुपारी केंद्रात येणार नाही, त्याच्यासाठी तपासणी रात्रीच हवी. चाचणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत, २०१७ च्या कायद्यानं संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. ही शेवटची गोष्ट तर वस्तीत जवळजवळ कुणालाच ठाऊक नसायची. १०९७ या मोफत हेल्पलाइनचा नंबर तरी लेखाखाली द्या, कृपया.