महान उद्योगपती व्हायचंय? मग हे करा

आमच्या ऑफिसात परवाच्या शनिवारी लीडरशिपवर सेशन ठेवलं होतं. येणं ऐच्छिक होतं, फक्त हजेरी घेतली. सूटबूटवाल्या वक्त्याने कार्नेगी, रॉकफेलर, पुलमन या जुन्या अमेरिकन उद्योगपतींचे फोटो दाखवून सांगितलं की तेव्हा कोणी घड्याळ बघायचं नाही, कामगार कायद्यांची कटकट नव्हती, म्हणून तर अमेरिका घडली. टाळ्या! मला तर इतकी प्रेरणा मिळाली की घरी येऊन थोडा इतिहास चाळला. तुम्हालाही तसलंच महान व्हायचं असेल तर या टिपा, आणि त्याही फुकट.

राडा होणार असं दिसलं की गावाला निघून जा. १८९२ मध्ये कार्नेगींच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातली युनियन मोडायची होती तेव्हा कार्नेगीसाहेब स्कॉटलंडला होते. इकडे त्यांचा कारभारी फ्रिक याने कारखान्याला कुंपण घातलं, टाळेबंदी केली आणि पिंकर्टन या खासगी एजन्सीचे तीनशे बंदूकवाले रातोरात नदीतून आणले. दोन्हीकडची माणसं मेली. साहेबांचे हात स्वच्छ. मग साहेबांसारख्या लायब्रऱ्या बांधा, भरपूर बांधा, बारा तास भट्टीपाशी भाजून निघालेला माणूस घरी जाताजाता चार पानं वाचायला थांबेलच की.

मंदी आली की पगार कापा, पण कंपनीच्या घरांचं भाडं कापू नका. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमनने हेच केलं, १८९४ मध्ये संप झाला तर सरकारने सैन्य पाठवलं.

मक्तेदारी रोखायला कायदा झाला तर घाबरू नका, तो युनियनवर वापरता येतो.

कोर्टावर श्रद्धा ठेवा. बेकरी कामगारांना दिवसाला दहा तासांची मर्यादा घातली होती, ती १९०५ मध्ये सुप्रीम कोर्टाने उडवली, का तर जास्त काम करायचं कामगाराचं स्वातंत्र्य हिरावलं जातं! बालमजुरीविरुद्धचा १९१६ चा कायदाही दोन वर्षांत उडवला. पोरं मोकळी झाली, गिरणीत जायला.

आणि दाराला कुलूप लावा. हे मुख्य. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कंपनीत बायकांचे ब्लाऊज शिवायचे, कामाला बहुतेक परदेशातून आलेल्या गरीब पोरी. १९०९ मध्ये शहरातल्या वीसेक हजार शिवणकामगारांनी संप केला, त्यात याही होत्या, पण मालकांनी युनियन काही मानली नाही. पोरी कापड चोरतील म्हणून सुटताना एकाच दाराने सोडायचं, पिशव्या तपासायच्या, दुसरं दार बंद. २५ मार्च १९११, तोही शनिवारच होता, सुटायच्या वेळेला आग लागली. कारखाना आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर, फायर ब्रिगेडची शिडी पोचते सहाव्यापर्यंत, बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या वजनाने कोसळला, आणि नवव्या मजल्यावरचं ते दार कुलूपबंद. पोरींनी खिडकीतून उड्या मारल्या. १४६ जीव गेले. मालक गच्चीवरून निसटले, खटल्यातून सुटले, कुलूप लागलंय हे त्यांना माहीत होतं असं सिद्ध होईना म्हणे. विम्याचे पैसे मिळाले ते नुकसानीपेक्षा जास्त, तो वरचा फायदा मेलेल्या माणशी साधारण ४०० डॉलर पडला, आणि मेलेल्यांच्या घरच्यांना तीन वर्षं कोर्टकचेरी करून ७५. आणि १९१३ मध्ये त्यातल्याच एका मालकाने नव्या कारखान्यात परत दाराला कुलूप लावलं!! दंड किती, तर २० डॉलर.

राहू दे, टिपा बास झाल्या. ती आग रस्त्यावर उभं राहून बघणारी फ्रान्सिस पर्किन्स नावाची बाई पुढे १९३३ मध्ये देशाची कामगारमंत्री झाली. किमान वेतन, ओव्हरटाइमचे जादा पैसे, बालमजुरीला बंदी, हे देशपातळीवर टिकलं ते १९३८ मध्ये. तोवर किती संप मोडले, किती माणसं तुरुंगात गेली, शिकागोत तर आठ तासांच्या चळवळीतल्या चौघांना १८८७ मध्ये फासावर चढवलं. हे सगळं तुमच्या स्लाइडवर कुठेय हो सर? त्या काळात लोक घड्याळ बघत नव्हते म्हणे! आठ तास काम, आठ तास आराम, आठ तास स्वतःचे, यासाठी १८८६ मध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले होते, घड्याळावरूनच तर सगळं भांडण होतं. आणि टाळ्या कसल्या वाजवता रे, तुम्ही काय कार्नेगी लागून गेलात? तुम्ही त्या नवव्या मजल्यावरचे. पुढचं सेशन ठेवाल तर कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत ठेवा, आणि बोलायला येणाऱ्याला निदान चार पानं वाचून यायला सांगा.