शब्दांचा काथ्याकूट नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या जिल्ह्यांतल्या विद्यापीठांविषयी आपण ज्या शब्दांत बोलतो, त्या शब्दांनीच त्यांची पत निम्मी घालवली आहे, असे मी गेल्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण कळकळीने आक्षेप घेतला आहे. निकाल लांबतात, प्राध्यापकांच्या जागा भरल्या जात नाहीत, प्रयोगशाळेत रसायने नसतात. अशा वेळी ‘सरकारी’ म्हणावे की ‘सार्वजनिक’ हा काथ्याकूट कशाला, लोकांचे मत अनुभवातून बनते, शब्दांतून नव्हे, असे आपले म्हणणे आहे. यातल्या पहिल्या भागाबद्दल माझा कसलाही वाद नाही. दुसरा भाग मात्र मला मान्य करता येत नाही, आणि त्याचे कारण मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मी शिकवत होतो त्या महाविद्यालयात एका वर्षी सूचनाफलकावर ‘पात्रता प्रलंबित / अपात्र’ अशा शीर्षकाची यादी लागली. दुसऱ्या मंडळातून बारावी होऊन आलेल्या मुलांचे स्थलांतर प्रमाणपत्र यायचे होते, एवढाच त्याचा अर्थ. त्या यादीत नाव असलेला एक मुलगा आठवडाभर वर्गात दिसला नाही, म्हणून मी निरोप धाडला. तेव्हा त्याचे वडील आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, “आम्ही पात्र नाही म्हणून लिहिलंय तिथं, सर.” त्यांना फलक वाचता येत होता, आणि फलकावर तेच लिहिलेले होते. आता यात अनुभव कोणता आणि शब्द कोणता, हे वेगळे काढून दाखवणे मला तरी जमत नाही.

एका गोष्टीत मात्र आपली प्रतिक्रिया वाचून मला माझी चूक कळली. मी सारा दोष वर्तमानपत्रांच्या मथळ्यांवर ढकलला होता. खरे पाहता शासनाची आणि विद्यापीठांची स्वतःची मराठी त्याहून अधिक नुकसान करते. शासकीय कागदांत मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर या सर्वांना मिळून ‘अकृषी विद्यापीठे’ म्हणतात. मुंबई विद्यापीठ 1857 मधले, तर राज्यातले पहिले कृषी विद्यापीठ 1968 मधले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी थोरल्या संस्थेची ओळख ती काय शिकवत नाही यावरून सांगितली जाते! त्यांना मिळणाऱ्या पैशाला ‘अनुदान’ म्हणतात, आणि ‘दान’ हा शब्द कानावर पडताच देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली जातो. याउलट ‘अभिमत विद्यापीठ’ हा शब्द सामान्य पालकाला भारदस्त वाटतो. प्रत्यक्षात 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम 3 नुसार ती विद्यापीठ ‘समजली जाणारी’ संस्था असते, आणि अशा संस्थांनी नावात ‘विद्यापीठ’ हा शब्द लावू नये, असे 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आयोगाला त्यांना कळवावे लागले.

‘सरकारी’ म्हटले की ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण आपसूक ओठांवर येते, आणि सरकारी वस्तूची पडझड ही कोणाच्याच घरची पडझड नसते. राज्याचा 2016 चा कायदा मात्र या संस्थांना ‘सार्वजनिक विद्यापीठ’ म्हणतो. 1870 ची पुण्याची सार्वजनिक सभा, सार्वजनिक वाचनालय, सार्वजनिक गणेशोत्सव असे आपल्या बोलण्यात रुळलेले शब्द आठवून पाहा. तिथे वर्गणी देणारा माणूस हिशेबही मागतो. विद्यापीठाचा हिशेब आपण असा हक्काने मागत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

नावाने काय होते, असे आपण विचारले आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात 1978 च्या जुलैमध्ये झाला आणि नाव लागले 14 जानेवारी 1994 रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत माणसांचे जीव गेले, घरे जळली. शेवटी ‘मराठवाडा’ हे मूळ नाव कायम ठेवून जे झाले, त्याला ‘नामांतर’ न म्हणता ‘नामविस्तार’ म्हटले गेले, आणि त्या एका शब्दावर तडजोड उभी राहिली. ज्या नावासाठी एवढे सोसले, ते आज बातम्यांत ‘बामु’ होते, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ‘स्वारातीम’ होते. जागा वाचते हे मला समजते, तरीही ते वाचताना मला यातना होतात.

‘ग्रामीण विद्यापीठ’ हा आपण वापरलेला शब्दही असाच तपासून पाहावा. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र थेट सिंधुदुर्गापर्यंत जाते, तरी त्याला कोणी ग्रामीण म्हणत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला 2021 मध्ये उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या ‘नॅक’चे ए++ हे सर्वोच्च मानांकन मिळाले, तरी मुलाखतीच्या टेबलावर तिथल्या मुलाची पदवी ‘तिकडची’च राहते. हे भूगोलाचे वर्णन नाही, ही प्रतवारी आहे.

आता आपल्याच वाक्याकडे येतो; राग मानू नये. ‘जागा भरल्या जात नाहीत’ असे आपण लिहिले आहे, पण त्या कोण भरत नाही, हे त्या वाक्यात कुठेच नाही. अनुदानित पदांच्या भरतीला शासनाची मान्यता लागते. ती येत नाही तोवर जागा ‘रिक्त’ असते, आणि तिच्यावर ताशी मानधनावर राबणाऱ्या माणसाच्या नेमणुकीला ‘तासिका तत्त्व’ असे भारदस्त नाव असते. मथळा मात्र ‘विद्यापीठाचा कारभार रामभरोसे’ असा येतो, आणि ज्याने मान्यता अडवली त्याचे नाव वाचकापर्यंत पोहोचत नाही. निकालाच्या विलंबात विद्यापीठाचा स्वतःचा दोष असतो, तेव्हा तो तितक्याच स्पष्टपणे लिहावा, अशीच माझी भूमिका आहे.

शेवटी आपण मुलीच्या एम.एस्सी.विषयी लिहिले आहे, ‘बाहेर नंबर लागला नाही तर आपले विद्यापीठ आहेच.’ तिला कुठे घालायचे तो निर्णय आपला आणि तिचा. विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत, आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती होतात, मार्गदर्शक कोणत्या विषयावर काम करतात, हे स्वतः जाऊन विचारावे, आणि खाजगी संस्थेतही हेच प्रश्न विचारावेत. फक्त तो ‘आहेच’ तिच्यासमोर उच्चारू नये, एवढी माझी विनंती आहे. कदाचित ती तिथेच शिकायला जाईल.